अंडे रोज थोडे उशिरा का येते आणि मध्येच एक दिवस कोरा का जातो?

नोंदवही (प्रश्न)

नमस्कार. माझ्याकडे सहा कोंबड्या आहेत आणि गेले चार महिने मी प्रत्येकीच्या अंड्याची वेळ एका वहीत लिहून ठेवत आहे. प्रत्येकीच्या पायात वेगळ्या रंगाचे कडे आहे आणि अंडी घालण्याची खोकी माझ्या खिडकीसमोरच आहेत, त्यामुळे नोंदी बऱ्यापैकी अचूक आहेत असे मी धरून चालते. निळ्या कड्याच्या कोंबडीची एका आठवड्याची नोंद जशीच्या तशी देते. सोमवारी सकाळी ७.२०, मंगळवारी ८.५०, बुधवारी ९.४५, गुरुवारी १०.५०, शुक्रवारी दुपारी १.१०. शनिवारी अंडे नाही. रविवारी पुन्हा सकाळी ७.२५. त्यानंतर सगळे पुन्हा त्याच क्रमाने सुरू झाले.

सुरुवातीला मला वाटले की हा योगायोग असेल किंवा खाण्यात काही कमी-जास्त झाले असेल. पण वही मागे चाळली तेव्हा सहापैकी पाच कोंबड्यांचा असाच क्रम दिसला. कोणाची माळ चार अंड्यांची, कोणाची सातांची. मात्र रोज थोडे पुढे सरकणे आणि मग एक दिवस कोरा जाणे हे सगळ्यांचे सारखेच. अंडे तयार व्हायला चोवीस तासांपेक्षा थोडा अधिक वेळ लागतो हे मी वाचले आहे. पण तेवढेच कारण असते तर वेळ सरकत सरकत संध्याकाळी, मग रात्री, मग पुन्हा पहाटे यायला हवी होती. तसे होत नाही. दुपार झाली की कोंबडी थांबते आणि एक दिवस सोडून पुन्हा सकाळपासून सुरुवात करते. तिला थांबायला नेमके कोण सांगते?

आणखी दोन गोष्टी विचारायच्या आहेत. लाल कड्याची कोंबडी पिल्लू असल्यापासून दोन्ही डोळ्यांनी आंधळी आहे. दिवस मोठा होऊ लागला की तलंगा, म्हणजे अजून अंडी न घातलेल्या तरुण कोंबड्या, अंड्यावर येतात असे सगळे सांगतात, मग जिला दिवस दिसतच नाही ती इतरांबरोबरच अंड्यावर कशी आली? आणि पिवळ्या कड्याची कोंबडी सध्या खुडूक होऊन, म्हणजे अंडी उबवायला, बसली आहे, तिची अंडी पूर्ण बंद आहेत. या तिन्ही गोष्टींचा मेंदूशी काही संबंध आहे का, हे कोणी सविस्तर सांगितले तर आभारी राहीन.

शरीरक्रिया_अध्यापक

ताई, आपली वही फार मोलाची आहे, ती जपून ठेवा. आपण विचारलेला पहिला प्रश्न मी अनेक वर्षे वर्गात शिकवत आलो आहे, आणि त्याचे उत्तर शिकवताना मला आजही तितकाच आनंद होतो.

आधी अंडाशयाकडे पाहू. कोंबडीचे फक्त डावे अंडाशय आणि डावी अंडवाहिनी वाढते. उजव्या बाजूचे अवयव गर्भावस्थेतच मागे पडतात. अंड्यावर असलेल्या कोंबडीचे अंडाशय उघडून पाहिले तर बलकांचा एक घोस दिसतो. प्रत्येक बलक एका पातळ पिशवीत वाढत असतो, तिला पुटिका म्हणतात. या घोसात हजारो सूक्ष्म पुटिका असतात, काही पांढऱ्या, काही मोहरीएवढ्या पिवळसर, आणि त्यांच्या वर पाच-सहा मोठ्या पिवळ्या पुटिका असतात ज्या आकाराने अगदी उतरंडीसारख्या असतात. सर्वांत मोठी सुमारे ४ सेंटिमीटर व्यासाची, तिच्याहून लहान दुसरी, तिच्याहून लहान तिसरी. सर्वांत मोठी उद्याच्या अंड्याची, दुसरी परवाच्या. साधारणपणे रोज एक छोटी पिवळी पुटिका निवडली जाऊन उतरंडीच्या खालच्या पायरीवर येते आणि पुढच्या आठ-दहा दिवसांत बलकाने भरून वर चढते. ही निवड आणि वाढ मेंदूखालच्या पीयूषिका ग्रंथीतून येणाऱ्या एफएसएच या संप्रेरकाच्या आधाराने होते.

आता मेंदूकडे येऊ. मेंदूच्या तळाशी असलेल्या हायपोथॅलॅमसमधील काही चेतापेशी जीएनआरएच नावाचे दहा अमिनो आम्लांचे छोटे संप्रेरक सोडतात. ते थेट पीयूषिकेकडे जाते आणि तिथून एफएसएच आणि एलएच ही दोन संप्रेरके रक्तात उतरतात. यांपैकी एलएच रक्तात एरवीही थोडेफार असते, परंतु ठरावीक वेळी त्याची मोठी लाट येते आणि त्या लाटेनंतर चार ते सहा तासांनी सर्वांत मोठी पुटिका फुटून बलक बाहेर पडतो. यालाच अंडमोचन म्हणतात. पुटिका कुठेही फाटत नाही. तिच्यावर रक्तवाहिन्या नसलेली एक फिकट पट्टी असते, बरोबर त्याच रेषेवर ती उघडते. म्हणूनच सहसा बलकावर रक्ताचा ठिपका नसतो.

बाहेर पडलेला बलक अंडवाहिनीच्या नरसाळ्यात शिरतो. तिथे पाव ते अर्धा तास, अंड्यातला पांढरा भाग चढवणाऱ्या टप्प्यात सुमारे तीन तास, कवचाखालची पातळ त्वचा बनवणाऱ्या भागात सव्वा तासाच्या आसपास, आणि मग कवचग्रंथीत सुमारे वीस तास. एकूण हिशेब चोवीस ते सव्वीस तासांचा होतो. अंडे बाहेर पडले की साधारण अर्ध्या तासात पुढचे अंडमोचन होते. म्हणून आजचे अंडे ७.२० ला आले तर उद्याचे ७.२० ला येऊ शकत नाही. इथपर्यंत आपला अंदाज बरोबर आहे.

आता थांबण्याविषयी. एलएचची लाट दिवसाच्या कोणत्याही वेळी उठू शकत नाही. कोंबडीच्या शरीरातील घड्याळ रोज आठ ते दहा तासांची एक खिडकी उघडते, आणि ती मुख्यतः रात्रीच्या अंधारात असते. पुटिका कितीही पिकलेली असली तरी या खिडकीबाहेर लाट उठत नाही.

आपल्याच नोंदीवर हे लावून पाहू. शुक्रवारी दुपारी १.१० ला आलेल्या अंड्याचा बलक गुरुवारी सव्वाअकराच्या सुमारास, म्हणजे गुरुवारचे अंडे आल्यावर लगेच, सुटला असणार. त्याची एलएच लाट गुरुवारी पहाटे साडेपाच-सहाला, खिडकी बंद होण्याच्या बेतात असताना, आली असणार. त्यापुढचा बलक शुक्रवारी दुपारी दीड-पावणेदोनला सुटायचा तर त्याची लाट शुक्रवारी सकाळी आठच्या आसपास यायला हवी होती. तोवर दिवस चांगला वर आला होता आणि खिडकी मिटली होती. पुटिका तयार होती, पण तिला रात्रीपर्यंत थांबावे लागले. शुक्रवारी रात्री खिडकी पुन्हा उघडली, शनिवारी पहाटेच्या आधी लाट आली, सकाळी बलक सुटला आणि त्याचे अंडे रविवारी ७.२५ ला तुमच्या वहीत आले. शनिवारी अंडे नव्हते, कारण शुक्रवारी अंडमोचनच झाले नव्हते.

आपल्या आकड्यांत आणखी एक बारकावा आहे, तो मुद्दाम दाखवतो. पहिल्या आणि दुसऱ्या अंड्यात आदल्या वेळेपेक्षा दीड तासाची सरक आहे, मधल्या अंड्यांत तासाभराची, आणि शेवटच्या अंड्यात पुन्हा दोन तासांहून अधिक. माळेच्या दोन्ही टोकांना सरक जास्त आणि मध्ये कमी, हे पुस्तकात जसे दिलेले असते तसेच आपल्या निळ्या कड्याच्या कोंबडीने करून दाखवले आहे. ज्या जातींची अंड्यांसाठी पिढ्यान्पिढ्या निवड झाली, त्यांच्यात ही सरक जवळजवळ नाहीशी झाली आहे. त्यामुळे अशा कोंबड्या एकही दिवस न चुकवता कित्येक आठवडे अंडी देऊ शकतात.

पशुवैद्यक_तिसरे_वर्ष

सर, फार स्पष्ट लिहिले आहे. माझी एक शंका आहे. गाईच्या बाबतीत आम्हाला असे शिकवले आहे की मोठ्या पुटिकेतून येणारे इस्ट्रोजेन वाढत जाते आणि त्यामुळेच एलएचची लाट उठते. त्यानंतर फुटलेल्या पुटिकेचे पीतपिंड बनते, ते प्रोजेस्टेरॉन तयार करते आणि प्रोजेस्टेरॉन पुढची लाट दाबून धरते. कोंबडीतही हेच होत असेल तर तिला रोज अंडमोचन करणे कसे शक्य होते? पीतपिंड रोज तयार होऊन रोज नाहीसे होते का?

शरीरक्रिया_अध्यापक

आपली शंका अगदी योग्य ठिकाणी आहे, कारण इथेच पक्षी आणि सस्तन प्राणी यांच्यात मोठा फरक आहे. कोंबडीत एलएचची लाट इस्ट्रोजेन उठवत नाही, प्रोजेस्टेरॉन उठवते. जे संप्रेरक गाईत लाट दाबते तेच कोंबडीत लाट उभारते.

सर्वांत मोठी पुटिका पिकत आली की तिच्या आतल्या थरातील पेशी एलएचच्या स्पर्शाने प्रोजेस्टेरॉन तयार करू लागतात. हे प्रोजेस्टेरॉन मेंदूकडे जाऊन आणखी एलएच मागते, आलेले एलएच पुटिकेला आणखी प्रोजेस्टेरॉन तयार करायला लावते, आणि दोघे एकमेकांना चढवत नेतात तोवर लाट शिखरावर पोहोचते. उतरंडीतील दुसऱ्या-तिसऱ्या पुटिकेची ही क्षमता अजून पुरेशी आलेली नसते, म्हणून त्याच लाटेत त्याही फुटत नाहीत. क्वचित दोन पुटिका एकाच वेळी पिकल्या तर दोन बलकांचे अंडे येते. नव्याने अंड्यावर आलेल्या तलंगांत, ज्यांची उतरंड अजून नीट लागलेली नसते, हे अधिक दिसते.

इस्ट्रोजेनचे काम वेगळे आहे आणि ते मुख्यतः लहान पुटिकांतून येते. ते यकृताला बलकाची प्रथिने आणि मेद तयार करायला लावते, अंडवाहिनी वाढवते, आणि लांब हाडांच्या पोकळीत कवचासाठी कॅल्शियमचा साठा असलेले एक खास हाड घडवते. एका कवचात सुमारे दोन ग्रॅम कॅल्शियम असते आणि कवच बनते मुख्यतः रात्री, जेव्हा कोंबडी काही खात नसते. हा साठा नसेल तर ते काम निभत नाही.

कोंबडीला गर्भ पोटात वाढवायचा नसल्याने गाईसारखे पीतपिंड तिच्यात बनतच नाही. तरीही फुटलेली रिकामी पुटिका निरुपयोगी नसते. रॉथचाइल्ड आणि फ्रॅप्स यांनी १९४४ मध्ये दाखवले की ती काढून टाकली तर तिच्यातून आधीच सुटलेल्या बलकाचे अंडे बाहेर पडायला उशीर होतो. पुटिकांतून येणारी प्रोस्टाग्लँडिन्स आणि पीयूषिकेच्या मागच्या भागातून येणारे अर्जिनिन व्हॅसोटोसिन ही दोन्ही कवचग्रंथीच्या स्नायूंना आकुंचन पावायला लावतात. कोंबडी खोक्यात बसून उठते, पुन्हा बसते, शेपटी खाली करून जोर लावते, तो याच संप्रेरकांचा परिणाम आहे.

लेअर_पर्यवेक्षक

मी अंड्यांवरच्या कोंबड्यांच्या शेडवर बरीच वर्षे काम केले आहे, म्हणून प्रकाशाविषयी अनुभवाचे सांगतो. आमच्याकडे तलंगा वाढत असताना दिवस मुद्दाम छोटा, आठ ते दहा तासांचा ठेवतात. वजन पुरेसे भरले की प्रकाश टप्प्याटप्प्याने वाढवत चौदा ते सोळा तासांवर नेतात आणि काही आठवड्यांत कळप अंड्यावर येतो. आमच्यासाठी दोन नियम दगडावरची रेघ आहेत. वाढत्या तलंगांचा प्रकाश वाढवायचा नाही, आणि अंड्यावरच्या कोंबड्यांचा प्रकाश कमी करायचा नाही. वजन भरण्याआधी प्रकाश वाढवला तर अंडी लहान येतात आणि अंग बाहेर येण्याचे प्रमाण वाढते. अशा वेळी झालेले नुकसान पुढे भरून निघत नाही.

दुसरा नियम मी स्वतःच्या चुकीने शिकलो. एका शेडचा टायमर बिघडला आणि संध्याकाळचे दिवे लागेनासे झाले. मी रोज सकाळच्या पाळीला जात असल्यामुळे ते माझ्या लक्षात आले नाही. सोळा तासांचा दिवस एकदम अकरा-बारा तासांचा झाला. पहिले काही दिवस अंडी जवळजवळ तेवढीच होती, म्हणून मी खाद्य आणि पाणी तपासत बसलो. मग अंडी घसरली, आणि पाठोपाठ शेडच्या जमिनीवर मानेची पिसे दिसू लागली. पिसे झडू लागली की अंडाशय आक्रसले असे समजावे. दिवे पुन्हा लावल्यावरही कळप पूर्वपदावर यायला कित्येक आठवडे गेले. ते आठवले की आजही वाईट वाटते, कारण कोंबड्यांचा त्यात काहीही दोष नव्हता.

ताईंच्या आंधळ्या कोंबडीबद्दल मला नक्की सांगता येणार नाही, पण आमच्याकडेही एक-दोन आंधळ्या कोंबड्या व्यवस्थित अंडी देत असत.

पक्षीवैद्य

आंधळ्या कोंबडीचे उत्तर मी देतो. पक्ष्यांना ऋतू कळण्यासाठी डोळ्यांची गरज नसते. फ्रान्समधील झाक बेन्वा यांनी १९३० च्या दशकात बदकांवर प्रयोग करून दाखवले की डोळे काढलेल्या बदकांचीही जननग्रंथी प्रकाशाने वाढते. प्रकाश पिसे, कातडी आणि पातळ कवटी भेदून थेट मेंदूत पोहोचतो आणि हायपोथॅलॅमसच्या परिसरातील प्रकाशसंवेदी पेशी तो टिपतात. लाल प्रकाश ऊतींमधून अधिक खोल जातो, म्हणून या कामी तो विशेष परिणामकारक ठरतो. जन्मजात दृष्टी जाणाऱ्या कोंबड्यांवरही अभ्यास झाला आहे आणि त्याही मोठ्या दिवसाला प्रतिसाद देऊन अंड्यावर येतात. आपल्या लाल कड्याच्या कोंबडीला दिवस दिसत नसला तरी तो तिच्या मेंदूपर्यंत पोहोचतो.

पुढचा दुवा जपानी लाव्यांवरील कामातून उलगडला आहे. दिवस मोठा झाला की पीयूषिकेच्या देठाजवळील पेशी टीएसएच हे संप्रेरक सोडतात. त्याच्यामुळे हायपोथॅलॅमसमध्ये थायरॉइड संप्रेरकाचे निष्क्रिय रूप सक्रिय होते आणि जीएनआरएच सोडणाऱ्या चेतातंतूंचा मार्ग मोकळा होतो. पहिल्याच मोठ्या दिवसाच्या अखेरीस लाव्यांच्या रक्तात एलएच वाढू लागते. कोंबडीतही हीच यंत्रणा आहे, मात्र तिच्यात ऋतूची ओढ पाळीव जीवनामुळे बरीच सैल झाली आहे, म्हणून ती छोट्या दिवसातही उशिराने का होईना अंड्यावर येते.

जसा वेग वाढवणारा संदेश आहे तसा लगाम घालणाराही आहे. जपानच्या काझुयोशी त्सुत्सुई यांच्या गटाने २००० मध्ये लाव्याच्या मेंदूतून जीएनआयएच हा संदेशवाहक शोधला. तो पीयूषिकेतून एलएच बाहेर पडू देत नाही. रात्रीचे संप्रेरक मेलाटोनिन लाव्यात त्याची निर्मिती वाढवते, त्यामुळे रात्र लांबली की लगाम घट्ट होतो. अंडी कमी झाली की आपण बहुधा काय कमी पडले ते शोधतो. पण पुष्कळदा शरीराने ते काम स्वतःहून थांबवलेले असते, हे पाळणाऱ्यांनी लक्षात घ्यावे असे मला मनापासून वाटते.

खुडूक कोंबडी हे त्याचे सर्वांत स्पष्ट उदाहरण आहे. पोटाखाली अंड्यांचा स्पर्श होत राहिला की हायपोथॅलॅमसमधून व्हीआयपी नावाचा संदेश सुटतो आणि पीयूषिकेतून प्रोलॅक्टिन वाढते. प्रोलॅक्टिन चढले की एलएच उतरते, पुटिकांची उतरंड विरघळून शरीरात शोषली जाते, पोटावरची पिसे झडून कातडी उबदार होते. हे सर्व एकवीस दिवसांच्या उबवणीसाठी आहे. त्या काळात नवे अंडे घालणे तिच्या पिल्लांच्या हिताचे नसते. आपल्याला पिल्ले काढायची नसतील तर पिवळ्या कड्याच्या कोंबडीला खोक्यापासून दूर, खालून हवा लागेल अशा जाळीच्या पिंजऱ्यात, दाणापाणी आणि उजेड भरपूर देऊन काही दिवस ठेवा. स्पर्श तुटला की प्रोलॅक्टिन दिवसभरातच उतरू लागते. उतरंड मात्र तळापासून रचायची असल्याने पहिल्या अंड्यासाठी दोन-तीन आठवडे धीर धरावा लागेल. तिला उपाशी ठेवू नका. तसे केल्याने अंडाशय आणखी मागे जाते.

नोंदवही

सर्वांची मी अत्यंत आभारी आहे. अध्यापक सरांनी गुरुवार-शुक्रवारचा हिशेब मांडला तसा मी हिरव्या कड्याच्या कोंबडीचाही मांडून पाहिला आणि तो जुळला. फक्त एक नोंद त्यात बसत नाही. मागच्या महिन्यात एका पहाटे मांजर जाळीवर चढले होते आणि सगळ्या कोंबड्या बराच वेळ ओरडत होत्या. त्या दिवशी हिरवीचे अंडे सकाळी साडेनऊला अपेक्षित होते, ते संध्याकाळी पाचला आले. त्याच्या तपकिरी कवचावर चुना शिंपडल्यासारखा पांढरा थर होता आणि मध्यावर एक फिकट पट्टा होता. तेव्हा मी ते आजाराचे लक्षण समजून घाबरले होते. असे कशामुळे झाले असावे?

शरीरक्रिया_अध्यापक

तो आजार नव्हता. भीतीच्या वेळी स्रवणारे अॅड्रिनलिन कवचग्रंथीच्या स्नायूंना आकुंचन पावू देत नाही, त्यामुळे तयार झालेले अंडे आतच अडकून राहते. तोवर तपकिरी रंगाचा शेवटचा थर चढून झालेला असतो, पण ग्रंथी कॅल्शियम सोडतच राहते आणि ते रंगावर भुकटीसारखे बसते. पुढचा बलक ठरलेल्या वेळी सुटून अंडवाहिनीतून खाली आला असेल, तर दुसऱ्या दिवशीचे अंडे एका बाजूने चपटे झाले असण्याचीही शक्यता आहे, कारण मऊ अवस्थेत ते आधीच्या कडक अंड्याला टेकून राहते. आपल्या वहीत त्या दुसऱ्या दिवशीच्या रकान्यात आकाराविषयी काही लिहिले आहे का, ते पाहून सांगा.

नोंदवही

आत्ताच पाहिले. त्या रकान्यात मी "एक बाजू दाबलेली, कवच सुरकुतलेले" असे लिहिले आहे. तेव्हा ते अंडे जमिनीवर पडून दबले असेल असे मी समजले होते.